सोमवारच्या पहिल्या खेळाची वही : व्होडव्हिलमधल्या आयटमचं परीक्षण कसं करायचं

व्होडव्हिल म्हणजे गाणी, नाच, कसरती, विनोद असे सुटे आयटम एकामागून एक दाखवणारा करमणुकीचा खेळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कीथ कंपनीच्या व्होडव्हिल थिएटरचा मॅनेजर सोमवारी दुपारी ऑफिसात बसून राहत नसे. नव्या आठवड्याचे कलाकार त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या रंगमंचावर यायचे. पहिला खेळ झाला की प्रत्येक आयटमबद्दल चार-सहा ओळी लिहून मुख्य बुकिंग ऑफिसला पाठवायच्या, हे त्याचं काम. आयटम कसला, किती मिनिटं चालला, रंगमंचाची किती खोली लागली, लोकांनी कसा घेतला, काय कापायला सांगितलं. कलाकाराचे पुढचे आठवडे, त्याचा पगार आणि कार्यक्रमातली त्याची जागा यांवर त्या ओळींचा थेट परिणाम व्हायचा. १९०२ ते १९२३ या काळातल्या अशा अहवालांच्या वह्या आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

या मॅनेजरांनी दहापैकी गुण दिले नाहीत. कुत्र्यांचा खेळ, शोकगीत आणि दोन विनोदवीरांची जुगलबंदी यांना एकाच पट्टीने मोजता येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांना उत्तर हवं होतं ते या प्रश्नांचं : हा आयटम कुठल्या जागेवर चालेल, किती मिनिटं चालेल, आणि त्याच्यानंतर येणाऱ्याचं काय होईल? ज्यांना गॅदरिंगचं किंवा एखाद्या महाराष्ट्र मंडळाचं ‘विविध गुणदर्शन’ निवडायचं असतं, त्यांनाही शेवटी हेच प्रश्न सोडवावे लागतात. म्हणून ती पद्धत इथे तिच्या मूळ जागी, व्होडव्हिलच्या थिएटरात, टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

सकाळी : वाद्यवृंदाची तालीम

परीक्षण दुपारी पडदा उघडल्यावर सुरू होत नाही, सकाळच्या तालमीला सुरू होतं. कलाकार आपापले स्वरलिपीचे कागद आणून फूटलाइटपाशी, म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेच्या दिव्यांपाशी, ओळीने ठेवतात. ज्याचे कागद आधी, त्याची तालीम आधी. दोघांकडे एकच गाणं निघालं, तर ते आधी आलेल्याचं, दुसऱ्याने बदलायचं. दुपारी एखादी गायिका बिचकत गायली, तर तिच्या हातात ते गाणं सकाळीच पडलं होतं का, हे परीक्षकाला ठाऊक असायला हवं.

कागदांची अवस्था बघा. प्रत्येक वाद्याचा वेगळा, स्वच्छ भाग असेल, थांबे आणि ठोके ठळक लिहिलेले असतील, तर कलाकार अनुभवी आहे. चुरगळलेला, तीन रंगांच्या पेन्सिलींनी खोडलेला भाग आला, तर वादक पहिल्या खेळाला चुकणार हे धरून चाला आणि ती चूक आयटमच्या नावावर लिहू नका. विनोदी धडपडीच्या आयटममध्ये ढोलवाल्याकडे खास लक्ष द्या. कलाकार आपटतो त्याच क्षणी झांज किंवा ठोका पडला, तर हशा दुप्पट होतो. अर्ध्या सेकंदाने चुकला, तर तोच विनोद जमिनीवर. कलाकाराने तालमीत ढोलवाल्याला प्रत्येक आपटी नीट दाखवली की ‘तू बघून घे’ म्हणून सोडून दिली, हे लिहून ठेवा.

रंगमंच व्यवस्थापकाकडून दोन आकडे घ्या : सामान लावायला किती मिनिटं, काढायला किती. कसरतवाल्यांच्या ताणाच्या तारा, जादूगाराची टेबलं, प्राण्यांची चौथरी यांत बराच वेळ जातो. शेवटी कलाकाराला त्याच्या आयटमची लांबी विचारा आणि तो सांगेल तो आकडा वहीत टाका. दुपारी घड्याळाचा आकडा शेजारी लिहायचा आहे. दोहोंत दोन मिनिटांहून जास्त फरक असेल, तर आयटम अजून बसलेला नाही किंवा कलाकार लोकांच्या प्रतिसादावर वाहवत जातो. दोन्हीही कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं.

कुठे बसायचं

पहिल्या तीन रांगा टाळा. तिथून घाम, मेकअप आणि बोटांची हालचाल दिसते, पण आवाज मागे पोहोचतो का हे कळत नाही. मुख्य मजल्यावर मागच्या एक तृतीयांश भागात, कडेच्या वाटेला लागून बसा. त्यामुळे उठून गॅलरीत जाता येतं, आणि प्रत्येक खेळात निदान दोन आयटम गॅलरीतून पाहायचेच आहेत. जादूगाराचा आयटम तर अगदी कडेच्या खुर्चीवरून बघा. जादूचं गुपित उघडं पडतं ते त्याच कोनातून.

समोर बसलेल्या लोकांच्या पाठी वाचायला शिका. लक्ष लागलं की खांदे स्थिर होतात. सुटलं की आधी कार्यक्रमपत्रिकेची सळसळ, मग खोकला, मग शेजाऱ्याकडे मान, असा क्रम असतो. पहिली सळसळ कुठल्या मिनिटाला झाली, ते लिहा. आयटम कुठे कापायचा हे पुष्कळदा तिथेच सापडतं.

सामान साधं : स्टॉपवॉच, जाड पुठ्ठ्यावर लावलेला कागद, पेन्सिल. अंधारात सलग वाक्यं लिहायला गेलात की आयटम निसटतो. खेळ चालू असताना फक्त मिनिट आणि एक शब्द. वाक्यं मध्यंतरात.

वहीचे रकाने

१९०५ साली सुरू झालेल्या ‘व्हरायटी’ साप्ताहिकात नव्या आयटमच्या परीक्षणाला ठरलेला मथळा असायचा : नाव, आयटमचा प्रकार, मिनिटं, रंगमंचाची खोली. परीक्षकाचं मत त्याच्या खाली. हा क्रम आजही सोडू नये, कारण पहिल्या चार गोष्टींवर वाद होत नाही आणि त्या नसतील तर पाचवीला अर्थ नाही.

खोलीबद्दल थोडं सांगायला हवं. फूटलाइट आणि पहिला पडदा यांच्यामधली पाच-सात फुटांची पट्टी म्हणजे ‘वन’. त्यामागे ‘टू’, ‘थ्री’ आणि शेवटी ‘फुल स्टेज’. गप्पा मारणारा विनोदवीर ‘वन’मध्ये काम करतो, आणि तेवढ्यात पडद्यामागे पुढच्या आयटमचं सगळं सामान लागतं. म्हणून ‘वन’मध्ये चालणारा आयटम थिएटरला सोन्याच्या भावाचा. फुल स्टेजवर सुरू होऊन शेवटची दोन-तीन मिनिटं पडद्यापुढे येऊन संपणारा आयटम त्याहून सोयीचा, कारण तो आपल्यामागे स्वतःचंच सामान काढून घ्यायला वेळ देतो. दोन फुल स्टेज आयटम लागोपाठ ठेवले की मध्ये तीन मिनिटं रिकामा पडदा, आणि गॅलरीतून शिट्ट्या.

मत लिहिताना पाच नोंदी पुरतात : पहिला खरा प्रतिसाद कितव्या मिनिटाला, सगळ्यात मोठा कुठे, सळसळ कुठे, शेवट कसा, नंतरच्या आयटमला काय सोसावं लागलं. एका काल्पनिक आयटमचा नमुना असा :

‘पुरुष व स्त्री. गप्पा, एक गाणं, नाच. १६ मि. (सांगितले १३). वन. पहिला हशा २ऱ्या मिनिटाला, उशीर. छत्रीचा प्रसंग सर्वोत्तम, ७ मि. त्यानंतर गाणं, सळसळ. नाचाने सावरलं. गाणं काढल्यास १२ मि. आणि तिसऱ्या जागेला योग्य. आत्ता दुसरीपलीकडे नको.’

एवढ्या ओळींत दुसऱ्या गावातला मॅनेजर, ज्याने आयटम पाहिलेलाच नाही, निर्णय घेऊ शकतो. अहवाल त्याच्यासाठी आहे.

टाळ्या कशा वाचायच्या

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून थोडं रेंगाळूया.

एंट्रीच्या टाळ्या आयटमच्या नसतात, नावाच्या असतात. मोठं नाव रंगमंचावर आलं की थिएटर दणाणतं. त्याचा उपयोग तिकीट खिडकीला, परीक्षणाला नाही. न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर २४ मार्च १९१३ रोजी उघडलं तेव्हा सुरुवातीला रडतखडत चालत होतं. मे महिन्यात फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट आल्या आणि गर्दी झाली. अशा वेळी एंट्री आणि एक्झिट यांच्या टाळ्या वेगळ्या नोंदवायच्या. एक्झिटला त्या एंट्रीपेक्षा कमी झाल्या, तर नाव मोठं आहे पण आयटम नाही.

शेवटच्या नमस्कारांचं तंत्र तर कलाकारांनी कलेच्या पातळीवर नेलं होतं. वाद्यवृंद एक्झिटची धून चढ्या आवाजात परत वाजवतो, कलाकार विंगेतून अर्धा बाहेर येतो, थांबल्यासारखं करतो, पुन्हा वळतो. टाळ्या वाजवणं हे लोकांना सौजन्य वाटतं, म्हणून ते वाजवतात. याला नमस्कार चोरणं म्हणत. कसोटी सोपी : धून थांबल्यावर टाळ्या वाढल्या की पडल्या? वाढल्या तर खऱ्या. नमस्कार मोजताना चोरलेले वजा करा, आणि घड्याळ शेवटच्या खऱ्या नमस्काराला थांबवा.

गाण्याच्या आयटममध्ये आणखी एक खोच. गाणी विकणाऱ्या प्रकाशकांची माणसं प्रेक्षकांत बसत आणि धृपद आलं की ‘उत्स्फूर्तपणे’ साथ देत. कधी बाल्कनीतून एखादा गोड गळ्याचा मुलगा उभा राही. लोक विरघळत. तुम्ही तो मुलगा मंगळवारीही त्याच खुर्चीवर आहे का तेवढं बघा.

पॅलेसच्या सोमवारच्या दुपारच्या खेळाला तर सभागृहात कलाकार, एजंट आणि बुकिंगवाले भरलेले असत. अशा धंद्यातल्या लोकांना अवघड गोष्ट लगेच कळते, सोप्या गोष्टीवर ते हसत नाहीत. त्या खेळाची नोंद संध्याकाळच्या सामान्य प्रेक्षकांच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय पाठवू नये. आपल्याकडे प्राथमिक फेरीला सभागृहात फक्त इतर स्पर्धक बसलेले असतात, तेव्हा नेमकं हेच होतं.

आयटमच्या प्रकारानुसार काय बघायचं

*जगलर.* चेंडू पडला की परीक्षक गुण कापतो, आणि बहुतेकदा चुकतो. मोठी करामत विकण्यासाठी पहिला प्रयत्न मुद्दाम चुकवतात; दुसरा जवळपास, तिसरा यशस्वी, आणि टाळ्या तिप्पट. मुद्दाम चुकवणारा चुकल्यावर लोकांकडे बघतो, खरोखर चुकलेला वस्तूकडे. डब्ल्यू. सी. फील्ड्स यांनी तर निसटणं आणि सावरणं यातूनच विनोद उभा केला. खरी चूक एकदा झाली तर सोडून द्या. त्याच करामतीला चौथा प्रयत्न करणारा कलाकार मात्र लोकांच्या श्वासाशी खेळतोय. ती करामत काढायला सांगा. दुसरी गोष्ट, अवघडपणा लोकांना दिसतो का? सहा चेंडूंचे सात झालेले सभागृहात कुणी मोजत नाही. टोपी, चिरूट आणि काठी एकत्र उडाल्या की सगळ्यांना कळतं.

*कसरत.* स्टॉपवॉच दोनदा वापरा : एकदा पूर्ण आयटमसाठी, एकदा फक्त प्रत्यक्ष कामासाठी. नऊ मिनिटांच्या आयटममध्ये साडेतीन मिनिटं हात पुसणं, पावडर लावणं, तारा ओढणं आणि हात पसरून उभं राहणं यात गेली असतील, तर तो साडेपाच मिनिटांचा आयटम आहे. करामतींचा चढता क्रम लावलाय का तेही बघा. सगळ्यात भयंकर उडी तिसऱ्या मिनिटाला मारली, तर पुढची सहा मिनिटं उतरण.

*जादू.* किती जादू आहेत यापेक्षा त्यातली एक गोष्ट लोक घरी घेऊन जातील का, हे विचारा. ऑर्फियम या थिएटर-साखळीसाठी कलाकार निवडणाऱ्या मार्टिन बेक यांनी १८९९ साली सेंट पॉल शहरातल्या एका बिअर हॉलमध्ये हॅरी हूडिनींना पाहिलं. हूडिनी तेव्हा पत्ते, रुमाल अशा किरकोळ जादू करत आणि सोबत बेड्यांतून सुटत. बेक यांनी किरकोळ जादू सोडायला आणि सुटकेवरच आयटम बांधायला लावलं, मग ऑर्फियमच्या थिएटरांत काम दिलं. परीक्षकाने याहून मोलाचं काही करायचं नसतं : पंधरा मिनिटांतली कुठली पाच मिनिटं खरी आहेत, ते बोट ठेवून सांगायचं.

*दोघांच्या गप्पा.* हशा कोणाच्या वाक्यावर पडतो ते नोंदवा, कोणाचं वाक्य लिहिताना विनोदी मानलं होतं ते नव्हे. जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांनी जोडी जमवली तेव्हा प्रश्न ग्रेसीकडे आणि विनोद जॉर्जकडे होते. लोक तिच्या साध्या प्रश्नांना हसले, त्याच्या उत्तरांना नाही. जॉर्जनी भूमिका उलटवल्या, आणि पुढची कित्येक दशकं तेच चाललं. सरळ बोलणाऱ्या जोडीदाराला परीक्षक विसरतात. त्याचं काम म्हणजे हशा पूर्ण उठू देऊन, पडायला लागताच पुढचा प्रश्न टाकणं. तो हशावर बोलला तर पुढचा पंच कुणाला ऐकूच येत नाही, आणि शिव्या बसतात विनोदवीराला.

*एकट्याचा विनोद.* मिनिटाला तीन खरे हशे हा चांगल्या आयटमचा व्यवहारी अंदाज धरा. स्मित मोजू नका. पंचच्या आधीच हसू आलं तर विनोद जुना. पंचनंतर दोन सेकंदांनी आलं तर रचना गुंतागुंतीची किंवा शब्द ऐकू आला नाही. दुसऱ्या शक्यतेसाठी गॅलरी. दुपारच्या खेळाला बायका-मुलं जास्त, संध्याकाळी कामावरून आलेले पुरुष जास्त. दोन्हीकडे पडलेला विनोद काढा, एकीकडेच पडलेला ठेवून बघा.

*नाटुकलं.* १८ ते २० मिनिटं. कोण कोणाचं कोण आणि भांडण कशाचं, हे दुसऱ्या मिनिटाच्या आत कळलं नाही तर वहीत ‘सुरुवात कापा’ एवढंच लिहा. रंगभूमीवरचे मोठे नट इथे फसतात, कारण तीन अंकांची सवय असल्याने ते पाच मिनिटं वातावरणच उभं करत राहतात.

*नाच.* पाय ऐकू यायला हवेत. लाकडी तळाच्या बुटांचा नाच वाद्यवृंदाखाली दबला तर चूक वाद्यवृंदाची, पण सुधारायला सांगायचं कलाकाराला : शेवटचा चरण संगीताशिवाय करा. प्राण्यांच्या आयटममध्ये शेपूट आणि कान बघा. प्राणी घाबरलेला असेल तर ते लपत नाही आणि प्रेक्षकांतली मुलं ते सगळ्यांच्या आधी ओळखतात.

जागा, आणि जागेप्रमाणे मोजमाप

मोठ्या थिएटरात दिवसाला दोन खेळ आणि साधारण नऊ आयटम. पॅलेसचे कार्यक्रम लावणारे जॉर्ज गॉटलीब यांनी १९१५ च्या सुमारास या नऊ जागांचा हिशेब मांडला होता. त्यामागचं तर्कशास्त्र कळल्याशिवाय परीक्षण अपुरं.

पहिल्या जागेवर मूक आयटम : कसरत, नाच किंवा प्राणी. लोक अजून खुर्च्या शोधत असतात, कुणाचं बोलणं ऐकू येणार नाही. दुसऱ्या जागेवर सभागृह शांत करणारं काही, बहुधा स्त्री-पुरुषांची गाण्याची जोडी. तिसऱ्यावर नाटुकलं, झोप उडवायला. चौथ्यावर पहिला मोठा दणका. पाचव्यावर मोठं नाव, म्हणजे मध्यंतरात लोक त्याबद्दल बोलत बाहेर जातात. मग सहावी जागा, माझ्या मते सगळ्यात अवघड : लोक परत येतायत, रंग उतरू द्यायचा नाही, पण पुढच्यांवर मातही करायची नाही. सातव्यावर फुल स्टेजचा मोठा आयटम. आठवी जागा, शेवटून दुसरी, ही मानाची. कार्यक्रमाचा मुख्य विनोदवीर किंवा तारका इथे, आणि पडद्यापुढे ‘वन’मध्ये. नववी डोळ्यांसाठी : झुले, जपानी कसरतपटूंचा संच, प्राण्यांचा मोठा ताफा. तेव्हा लोक कोट चढवून निघू लागलेले असतात.

तमाशाला गण, गवळण, बतावणी आणि मग वग हा क्रम जसा उगाच आलेला नाही, तसाच हा.

परीक्षकाने यातून घ्यायचं ते असं : दुसऱ्या जागेवरच्या जोडीला मिळालेला मध्यम प्रतिसाद आठव्या जागेवरच्या मोठ्या प्रतिसादाएवढाच मोलाचा असू शकतो. पहिल्या आयटमला अर्ध्या भरलेल्या सभागृहात नीट टाळ्या मिळाल्या तर लगेच ‘वर सरकवा’ लिहा. नवव्या आयटमला लोक उठून गेले म्हणून गुण कापू नका. किती जण दाराशी थांबून बघत राहिले ते मोजा. आणि थिएटर सलग खेळांचं असेल, म्हणजे कीथ कंपनीचे संस्थापक बी. एफ. कीथ यांनी १८८५ मध्ये बॉस्टनला सुरू केली तसली सकाळपासून रात्रीपर्यंतची साखळी, तर गणितच उलटं. तिथे खुर्च्या रिकाम्या व्हाव्यात म्हणून मॅनेजर मुद्दाम एखादा कंटाळवाणा आयटम लावत. तिथे लोक उठून गेले, म्हणजे आयटमने आपलं काम केलं.

दुपारचा खेळ संपला की संध्याकाळपूर्वी क्रम बदलायची सोय असते. तिचा उपयोग करा. आधी खोलीचा हिशेब : ‘वन’ आणि फुल स्टेज एकाआड एक येतात का. मग प्रकार : दोन नाच, दोन गायिका किंवा दोन विनोदी जोड्या शेजारी नकोत. एखादा आयटम दुपारी पडला असेल, तर त्याला दोष देण्याआधी त्याच्या आधीचा आयटम बघा. जबरदस्त विनोदवीरानंतर आलेली शांत गायिका पडणारच. दोघांची अदलाबदल करा आणि संध्याकाळी पुन्हा ऐका.

कात्री

थिएटरचालक टोनी पास्टर यांनी १८८१ साली न्यूयॉर्कच्या १४व्या रस्त्यावर बायका-मुलांना घेऊन येता येईल असा खेळ सुरू केला, आणि कीथ यांनी ते धोरण कडक शिस्तीपर्यंत नेलं. त्यांच्या थिएटरांत ‘सन ऑफ अ गन’सारखा आजच्या कानाला मवाळ वाटणारा शब्दही चालत नसे. काय काढायचं याची चिठ्ठी कलाकाराला निळ्या पाकिटातून मिळायची.

त्या शब्दांची यादी आज हास्यास्पद वाटते, पण चिठ्ठी लिहायची रीत शिकण्यासारखी आहे. ‘असभ्य वाटलं’ असं लिहू नका. नेमकं वाक्य, नेमकी हालचाल, कितव्या मिनिटाला, आणि बदली काय चालेल ते लिहा. वाक्य काढल्याने पुढचा पंच अपुरा पडतो का तेही तपासा. बऱ्याचदा तयारीची ओळ कापली जाते आणि पंच तसाच लटकत राहतो.

हौशी रात्र : लोकांना निवडू द्यायचं असेल तर

न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या मायनर थिएटरात हौशी कलाकारांच्या रात्री विंगेतून लांब दांड्याची आकडी यायची आणि पडलेल्याला ओढून नेलं जायचं. लोक आकडी बघायलाच येऊ लागले, आणि लोकांना पडणं हवं असेल तर परीक्षण संपलं. न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरात १९३४ पासून दुसरी पद्धत रूढ झाली : शेवटी सगळे ओळीने उभे, एकेकाच्या डोक्यावर हात धरायचा, टाळ्यांवरून विजेता.

ही पद्धत वापरताना तीन ठिकाणी घसरायला होतं. शेवटी आलेल्याला जास्त टाळ्या मिळतात, म्हणून हात धरण्याचा क्रम खेळाच्या क्रमाच्या उलट ठेवा. मित्रमंडळी एका कोपऱ्यात बसून ओरडतात, म्हणून आवाज सभागृहाच्या किती भागांतून येतो ते ऐका. एकाच कोपऱ्यातला कल्लोळ पूर्ण सभागृहातल्या मध्यम टाळ्यांपेक्षा कमी धरायचा. आणि पहिल्या फेरीत दोघेजण जवळ असतील तर फक्त त्या दोघांसाठी पुन्हा, उलट क्रमाने.

२१ नोव्हेंबर १९३४ रोजी याच अपोलोत पुढे प्रसिद्ध जॅझ गायिका झालेली एला फिट्झजेराल्ड, तेव्हा सतरा वर्षांची, नाचायला म्हणून आली होती. आधीच्या एडवर्ड्स भगिनींचा नाच बघून ती गायला लागली, सुरुवातीला अडखळली, आणि जिंकली. पहिल्या अर्ध्या मिनिटावर निकाल लावणाऱ्याने तिला विंगेत परत पाठवलं असतं. नवशिक्याला निदान दीड मिनिट द्या.

परीक्षकाचा स्वतःचा चष्मा

जुन्या वह्या वाचताना हेही विसरू नये की त्या लिहिणारे त्यांच्या काळाचे होते. कृष्णवर्णीय कलाकारांना मोठ्या थिएटरांत मोजक्याच जागा मिळत, कृष्णवर्णीय प्रेक्षकांना अनेक ठिकाणी फक्त गॅलरी. आणि गोरे नट काळा रंग फासून त्यांची टिंगल करत, ती हुकमी विनोद म्हणून नोंदली जाई. ‘लोकांना आवडलं’ या नोंदीमागे कोणते लोक सभागृहात होते आणि कोणाला आत येऊच दिलं नव्हतं, हे विचारलंच पाहिजे. आजच्या मंडळातही गॅलरी असतेच, फक्त ती दिसत नाही.

दुसरं, दिसण्याबद्दल. आयोवातल्या चेरी भगिनींच्या आयटमची एका वृत्तपत्राने टवाळी केली, त्यात त्यांच्या शरीराची आणि चेहऱ्यांचीही. त्या कोर्टात गेल्या, आणि १९०१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने जाहीर प्रयोगावर टीका करण्याचा वृत्तपत्राचा हक्क मान्य केला. कायद्याला चालतं ते वहीला चालत नाही. ‘पोशाख मळका, मागच्या रांगेतून दिसतो’ ही नोंद उपयोगी, कारण तो बदलता येतो. नाक बदलता येत नाही.

अहवाल पाठवल्यावर

सोमवारची नोंद पेन्सिलीने, संध्याकाळच्या दुरुस्त्या शाईने. पेन्सिल खोडू नका. दुपार आणि संध्याकाळ यांतला फरक हीच पुढच्या मॅनेजरला हवी असलेली माहिती. बुधवारी पुन्हा एकदा फक्त घड्याळ घेऊन बसा. हशा मिळू लागला की विनोदी आयटम फुगतात, तेरा मिनिटांचे सोळा होतात, आणि ती तीन मिनिटं नवव्या जागेवरच्या कसरतवाल्यांच्या वाट्यातून जातात. फुगलेला भाग नेमका कुठे आहे ते सोमवारच्या नोंदीशी ताडून काढा आणि रात्रीच्या खेळाआधी कलाकाराला तोंडी सांगा. आठवडाअखेर आयटम दुसऱ्या गावाला निघाला की वहीत शेवटची एक ओळ घाला : सांगितलेली लांबी, सोमवारची, बुधवारची, आणि शनिवारची.